पंचेचाळीसला नोकरी सोडायची असेल, तर आज सहलीला जायचं की नाही?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. तुम्ही ३६ वर्षांचे, पत्नी ३५ वर्षांची, मुलगी ६ वर्षांची. दोघंही हिंजवडीत आयटीत. वाकडला टू-बीएचके, कर्जाचे ३६ लाख फेडायचे राहिलेत, हप्ता ४२ हजार. दोघांचा मिळून हातात येणारा पगार २ लाख ३० हजार, घरखर्च ८५ हजार, एसआयपी ८० हजार. पीएफमध्ये तुमचा आणि कंपनीचा वाटा धरून महिन्याला साधारण ४० हजार जमा होतात. आजवर साठलेले ९५ लाख. पंचेचाळीसला नोकरी सोडायची हे ठरल्यापासून गेली चार वर्षं तुम्ही कुठे गेला नाहीत. पत्नी म्हणते, पोर मोठी होईल, साताऱ्याचे आईबाबा थकतील, मग त्या पैशांचं करायचं काय? आणि तुम्ही विचारताय, दोघांत बरोबर कोण.

स्पष्टच सांगतो. सहलींच्या बाबतीत पत्नी बरोबर आहेत. तुमची भीती खरी आहे, पण ती तुम्ही चुकीच्या खर्चावर काढताय.

तुम्ही पंचेचाळीस हे वय कसं काढलंत ते तुमच्या आकड्यांतून दिसतं. ८५ हजार गुणिले १२ म्हणजे १० लाख २० हजार, त्याच्या २५ पट पुंजी हवी, म्हणजे २ कोटी ५५ लाख. महागाई वजा जाता साडेतीन टक्के परतावा धरला, तर आजचे ९५ लाख आणि महिन्याचे १ लाख २० हजार मिळून नऊ वर्षांत आजच्या किमतीत साधारण २ कोटी ७९ लाख होतात. म्हणजे पंचेचाळीसला आकडा गाठला, वर २४ लाख शिल्लक. कागदावर हे छान दिसतं. (साडेतीन टक्के हे माझंही गृहीतक आहे. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे, पीएफचा २०२४-२५ चा दर ८.२५ होता, शेअर बाजारातून थोडं जास्त मिळेल आणि त्यातून कर जाईल. घरची महागाई मी सहा टक्के धरतो. परतावा साडेतीनऐवजी अडीच निघाला तर खालच्या तारखा साधारण एक ते अडीच वर्षं पुढे सरकतात.)

पण २५ पट कुठून आली? विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या शेअर्स आणि सरकारी रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून काढलेला तो हिशोब आहे. निवृत्तीनंतरची ३० वर्षं पैसा पुरावा, एवढाच त्याचा सवाल होता. तुम्ही पंचेचाळीसला थांबणार आणि नव्वदीपर्यंतची तजवीज करणार, म्हणजे ४५ वर्षं. देश वेगळा, महागाई वेगळी, काळ दीडपट. इतक्या लवकर थांबणाऱ्याला मी ३५ पटीच्या खाली येऊ देत नाही. पन्नाशी ओलांडून थांबणाऱ्याला ३२, पंचावन्न-छप्पनला ३०. हे आकडे थोडे भित्रे आहेत, मान्य. साठीत बाजार पडला म्हणून पुन्हा मुलाखती द्यायला लावण्यापेक्षा ते बरे.

दुसरी गोष्ट. २ लाख ३० हजारांतून घरखर्च, हप्ता आणि एसआयपी वजा केली की २३ हजार उरतात. त्यांचं काय होतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. बहुतेक तुम्हालाही नीट माहीत नसावं. मी सांगतो: गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग, सोसायटीने टँकरच्या पाण्यासाठी काढलेली जादा वर्गणी, गावाकडची दोन लग्नं, आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, बंद पडलेला फ्रीज. दर महिन्याला येत नाही म्हणून हा खर्च घरखर्चाच्या रकान्यात बसत नाही, पण दरवर्षी येतोच. वर्षाचे पावणेतीन लाख. म्हणजे तुमचा खरा वार्षिक खर्च १० लाख २० हजार नसून १३ लाखांच्या आसपास आहे. त्यात मुलीच्या पदवीसाठी आजच्या किमतीत ३५ लाख वेगळे ठेवा.

आता पुन्हा मांडू. १३ लाखांच्या ३५ पट म्हणजे ४ कोटी ५५ लाख, अधिक ३५ लाख, एकूण ४ कोटी ९० लाख. पंचेचाळीसला हातात असतील २ कोटी ७९ लाख. खड्डा २ कोटी ११ लाखांचा.

तुम्ही ज्या सहली बंद केल्यात त्यावर वर्षाला २ लाख गेले असते असं धरू. नऊ वर्षं ते वाचवून गुंतवलेत तर जमतील सुमारे २१ लाख. खड्ड्याचा दहावा हिस्सा. म्हणजे सहली बंद ठेवून पंचेचाळीस गाठता येत नाही आणि सहलीला गेल्याने ते हुकतही नाही. ते आधीच हुकलेलं आहे. आज आहे तसंच चालू राहिलं तर, कर्ज ११ वर्षांत संपेल हे धरून, तुमचं खरं वय एक्कावन्न-बावन्न येतं.

हे वाचून तुम्ही हिरमुसाल, पण थांबा. पुढचा भाग तुमच्या घरातल्या वादाच्या जास्त कामाचा आहे.

खर्चाचे मी दोन प्रकार करतो. काही खर्च पाहुण्यासारखे असतात, येतात आणि जातात. काही मुक्कामाला येतात. दोघांची पावती सारखीच दिसते, पण निवृत्तीच्या हिशोबात त्यांची किंमत तिपटीहून जास्त वेगळी पडते. वर्षाला २ लाखांच्या सहली पुढची दहा वर्षं केल्यात, मुलगी सोळा वर्षांची होईपर्यंत, आणि मग थांबवल्यात, तर बावन्नाव्या वर्षी तुमची पुंजी साधारण २९ लाखांनी कमी असेल. त्या वयात तुमची पुंजी वर्षाला ३३ लाखांच्या आसपास वाढत असेल. म्हणजे दहा वर्षांच्या दहा सहलींची किंमत निवृत्ती दहा-अकरा महिने लांबणं. बस्स.

आता हेच वर्षाचे २ लाख राहणीमान कायमचं वाढवण्यात गेले तर? समजा वाकडचं घर विकून बाणेरला थ्री-बीएचके घेतलंत. वाढलेला हप्ता तर सोडाच. मेंटेनन्स, मिळकत कर, रंगकाम, मोठ्या घराला साजेसं फर्निचर, शेजाऱ्यांसारखी दुसरी गाडी. हा खर्च नोकरी सोडल्यावरही चालूच राहतो. म्हणून तो दोनदा कापतो: सोळा वर्षांत बचतीतून ४२ लाख जातात, आणि पुढे तोच खर्च जन्मभर भागवायला ३२ पटीने ६४ लाख जास्त लागतात. मिळून एक कोटीच्या वर. निवृत्ती तीन वर्षांहून अधिक पुढे जाते.

दोन्हीकडे वर्षाला दोनच लाख. एकीकडे दहा महिने, दुसरीकडे तीन वर्षं. तुमच्याकडून आणखी काही वाचून झालं नाही तरी चालेल, हे दोन आकडे मात्र पत्नीसोबत बसून बघा.

पुण्यातल्या आयटीतल्या जोडप्यांत मला उलटंच दिसतं. घर, गाडी आणि शाळा यांवर कोणी वाद घालत नाही, कारण ती ‘गुंतवणूक’ किंवा ‘मुलांसाठी’ असते. वाद होतो तो रविवारच्या हॉटेलवर आणि मे महिन्यातल्या सहलीवर, कारण तिथे पैसे जाताना दिसतात. शाळेचं तर बोलायलाच नको. फी वर्षाला ३ लाखांनी जास्त असलेल्या शाळेत पहिलीला प्रवेश घेतला की बारावीपर्यंत परत फिरणं जवळपास अशक्य असतं. मुलीला मैत्रिणींतून उचलून दुसरीकडे कोण टाकणार? हा खर्च जन्माचा नाही, पण बारा वर्षांचा मुक्काम आहे आणि दरवर्षी महागाईच्या पुढे पळतो. मुलगी आता पहिलीच्या वयाची आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय. सध्याची शाळा ठीक असेल तर ती बदलू नका. त्या तीन लाखांत तुम्ही दरवर्षी हिमाचल करून याल.

आता तुमच्या भीतीकडे येतो. तुमचं पंचेचाळीस कुठून आलं असावं याचा मला अंदाज आहे. भूमकर चौकात रोज संध्याकाळी अडकलेल्या माणसाला निवृत्ती हवी असते की भूमकर चौकातून सुटका, हे एकदा स्वतःला विचारा. पण त्यापलीकडे एक गंभीर कारण आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. आयटीत पंचेचाळिशीनंतर नोकरी तुमच्या मर्जीने सुटेलच असं नाही. पगार वाढलेला, हातातलं तंत्रज्ञान जुनं, खाली अर्ध्या पैशांत काम करणारी तरुण मंडळी. कंपनीने नारळ दिला की पुढची नोकरी मिळायला महिने लागतात आणि बऱ्याचदा कमी पगारावर मिळते. कोथरूडला जे सत्तरीतले काका-काकू निवांत दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना बँकेचं किंवा सरकारी पेन्शन आहे आणि महागाई भत्त्याबरोबर ते वाढतं. राज्य सरकारनेसुद्धा १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांतल्या बहुतेकांना ती जुनी पेन्शन दिली नाही. तुमच्या पीएफमधल्या पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम तर विचारात घेण्याइतकीही नसते. म्हणून साठवायला हवं यात दुमत नाही. त्या काकांच्या वागण्यावरून तुम्ही खर्चाचं प्रमाण ठरवू नका, आणि त्यांनीही तुम्हाला ‘आमच्या वेळी’ ऐकवू नये.

पण या भीतीवर पंचेचाळीसची पूर्ण निवृत्ती हा एकच उपाय नाही. मी तुम्हाला एक वेगळी तारीख सुचवतो.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तुमचं घराचं कर्ज संपतं. त्या वेळी तुमची पुंजी आजच्या किमतीत साधारण ३ कोटी २८ लाख असेल. त्यातून मुलीच्या शिक्षणाचे ३५ लाख बाजूला काढा. उरलेल्या २ कोटी ९३ लाखांना हात लावला नाही, आणि नवे पैसेही टाकले नाहीत, तर छप्पनाव्या वर्षी ते ४ कोटींच्या जवळ जातात. तेव्हा १३ लाखांच्या ३० पट म्हणजे ३ कोटी ९० लाख लागतील. जमलं. म्हणजे सत्तेचाळीसपासून छप्पनपर्यंत तुम्हा दोघांना मिळून फक्त वर्षाचा खर्च भागेल एवढंच कमवायचं आहे: कर वजा जाता १३ लाख, महिन्याला लाखभरापेक्षा थोडं जास्त. आज तुम्ही हातात २ लाख ३० हजार घेता आणि पीएफ वेगळा. म्हणजे एकाने नोकरी सोडली तरी चालेल. दोघांनी निम्म्या पगाराची, घराजवळची, कमी ताणाची नोकरी धरली तरी चालेल. शिकवा, सल्ला द्या, साताऱ्याला राहून घरून काम करा. आणि कंपनीने खरंच नारळ दिला तर निम्म्या पगाराची ऑफर बघून छातीत धस्स होणार नाही.

याच हिशोबात दहा वर्षांच्या सहली मिळवल्या की सत्तेचाळीसचं अठ्ठेचाळीस होतं. एक वर्ष. पत्नी जे मागताहेत त्याची पूर्ण किंमत एवढीच आहे, आणि ती द्यावी असं माझं मत आहे. कारण सहलीचंही वय असतं. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन सिंहगड चढणं, आणि सोळाव्या वर्षी क्लास आणि मोबाइल सोडून तिने तुमच्याबरोबर यावं म्हणून विनवण्या करणं, यात किती फरक आहे ते मोठ्या मुलांच्या आईबापांना विचारा. आईबाबांचं तर आणखी घाईचं. त्यांना काशीला न्यायचं असेल तर गुडघे चालताहेत तोवर न्या. याउलट नवा टीव्ही, मोठी गाडी, घराचं नूतनीकरण यांना वय नसतं. ते पन्नाशीतही तितकंच सुख देतात, खरं तर तोवर नको झालेलं असतं.

पत्नीच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ‘आयुष्य आत्ताच आहे’ हे वाक्य सहलीपुरतं ठेवा. एकदा का ते गाडीच्या शोरूममध्ये आणि सोन्याच्या दुकानात शिरलं की थांबत नाही. म्हणून २ लाख ही रक्कम आधी ठरवा, वेगळ्या खात्यात दरमहा १७ हजार टाका आणि त्या खात्याबद्दल एकमेकांना प्रश्न विचारू नका. त्यातून पत्नी डिसेंबरात ‘सवाई’ महोत्सवाची तिकिटं काढोत की स्पितीला जावोत. तुमची एसआयपी ८० हजारांवरून ६३ हजार होईल. तुम्हाला ते टोचेल, पण अठ्ठेचाळीसच्या हिशोबात ते धरलेलं आहे. पगारवाढ मात्र दरवर्षी महागाईच्या वर जेवढी होईल, तिचा निम्मा भाग एसआयपीत जाऊ दे. वरच्या गणितात मी ती वाढ धरलेलीच नाही, त्यामुळे तिथून येईल ते तारीख अलीकडे आणेल.

पैसे कुठे ठेवायचे यावर लांबण लावत नाही, तुमची विभागणी ठीक आहे. एक गोष्ट मात्र पंचेचाळीसनंतर लागेल. पगार बंद होण्याआधीच्या तीन-चार वर्षांत निदान पाच वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम हळूहळू शेअर्समधून काढून मुदत ठेवींसारख्या ठिकाणी आणा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता. मार्च २००९ मध्ये तो साडेआठ हजारांच्या खाली आला. नोव्हेंबर २०१० मध्ये परत २१ हजारांना शिवला आणि पुन्हा घसरला. ती पातळी कायमची मागे टाकायला २०१४ उजाडलं. या काळात पगारदाराची एसआयपी स्वस्तात युनिट घेत होती, त्याचं भलंच झालं. पण जानेवारी २००८ मध्ये निवृत्त होऊन म्युच्युअल फंडावर घर चालवणाऱ्याला दर महिन्याला पडेल भावात विकावं लागलं, आणि विकलेली युनिट्स बाजार वर आल्यावर परत येत नाहीत. सरासरी परतावा दोघांचा सारखाच दिसतो. निवृत्तीची पहिली पाच-सात वर्षं कशी जातात यावर बरंच अवलंबून असतं ते असं. साठीनंतर तुम्हाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही मिळेल, सध्या त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पण लवकर थांबणाऱ्याला मधली वर्षं बहुतेक तिच्याशिवायच काढावी लागतात हे विसरू नका. फंड विकताना करही लागेल: जुलै २०२४ पासून शेअर फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के. सगळं एकाच वर्षात विकू नका, चार वर्षांत पसरा, म्हणजे दरवर्षीची सव्वा लाखाची सूट वापरता येते.

आणि आरोग्य विमा. तुम्ही लिहिलंय की कंपनीचा १० लाखांचा आहे, म्हणून वेगळा घेतलेला नाही. कंपनी सुटली की तो सुटतो. पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसला नवा घ्यायला जाल तेव्हा रक्तदाब नाहीतर साखर निघालेली असेल, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आज तुम्ही दोघं धडधाकट आहात. याच महिन्यात स्वतःची फॅमिली फ्लोटर (एकाच रकमेत सगळं कुटुंब) पॉलिसी घ्या, प्रस्तावात काहीही लपवू नका, आणि ती सलग चालू ठेवा. सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याचं कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. हा मुक्कामी खर्च आहे, तरी करा. आईबाबांना या वयात पॉलिसी महाग पडेल किंवा मिळणारच नाही. त्यांच्यासाठी ८-१० लाखांची वेगळी मुदत ठेव करून ती पुंजीच्या हिशोबातून वगळा. त्याने तुमची तारीख आणखी काही महिने पुढे जाईल. पहिल्या सहलीचं बुकिंग करण्याआधी ही दोन कामं उरका.